दुःस्वप्न

भीती, चिंता, संताप, किळस किंवा शोक यांनी भरलेले आणि बहुधा झोपणाऱ्यास पूर्ण जाग आणणारे दीर्घ व सुसंगत स्वप्न म्हणजे दुःस्वप्न होय. जीव, सुरक्षितता वा प्रतिष्ठा यांवर ओढवलेले संकट आणि ते टाळण्याची निष्फळ धडपड हा अशा स्वप्नांचा नेहमीचा विषय असतो. कोणी पाठलाग करीत आहे, पळावयाचे असूनही पाय जागचे हलत नाहीत, उंचावरून पडत आहोत, आप्ताचा मृत्यू झाला आहे, अशी दृश्ये त्यांत वारंवार आढळतात. जाग आल्यावर व्यक्ती लगेच भानावर येते व स्वप्न तपशीलवार सांगू शकते. मात्र त्यातील भावना रेंगाळत राहते आणि पुन्हा झोप लागणे कठीण जाते.

अधूनमधून दुःस्वप्न पडणे हा सर्वसामान्य मानवी अनुभव असून तो विकार नव्हे. परंतु अशी स्वप्ने वारंवार पडू लागली, त्यांच्या धास्तीने झोप टाळली जाऊ लागली आणि दिवसाच्या कामकाजावर परिणाम होऊ लागला, म्हणजे त्या अवस्थेस ‘दुःस्वप्न विकार’ म्हणतात. दुःस्वप्न हे एखाद्या मानसिक आजाराचे केवळ लक्षण आहे व मूळ आजार बरा झाला की ते आपोआप नाहीसे होईल, अशी समजूत विसाव्या शतकात बराच काळ रूढ होती. नंतरच्या संशोधनाने ती अपुरी ठरविली. दुःस्वप्ने, निद्रानाश आणि मानसिक आजार ही तिन्ही परस्परांची कारणेही असतात व परिणामही. म्हणूनच दुःस्वप्नांची स्वतंत्रपणे दखल घेणे आवश्यक ठरते.

प्राचीन कल्पना : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात व अथर्ववेदात दुःस्वप्नाचे निवारण करणारी सूक्ते आहेत; अथर्ववेदाच्या सोळाव्या कांडाचा बराच भाग ह्याच विषयास वाहिलेला आहे. दुःस्वप्न ही बाहेरून येऊन माणसास चिकटणारी आणि म्हणून मंत्राने दूर घालविता येणारी बाधा होय, अशी कल्पना ह्या सूक्तांमागे दिसते. वाल्मीकिरामायणात दशरथाच्या मृत्यूची वार्ता कळण्यापूर्वीच आजोळी असलेल्या भरतास अशुभ स्वप्न पडते. तेथे दुःस्वप्नाकडे भावी अथवा दूरस्थ घटनेची सूचना म्हणून पाहिले आहे.

चरकसंहितेतील विवेचन अधिक विश्लेषक आहे. तिच्या इंद्रियस्थानात दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले पाच पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या वा कल्पिलेल्या गोष्टींतून उद्भवतात व ते निष्फळ, म्हणजे भविष्यसूचक नसलेले, मानले आहेत. दोषज स्वप्ने शरीरातील दोषांच्या प्रकोपाने पडतात. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असेही ह्या ग्रंथात म्हटले आहे. निद्रेवर सुखदुःख, बलाबल व ज्ञानाज्ञान अवलंबून असते, हे त्यातील मत आधुनिक वैद्यकासही मान्य होण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात झोपेत दचकणाऱ्या मुलाची दृष्ट काढणे, उशाशी लोखंडाची वस्तू ठेवणे, निजण्यापूर्वी रामरक्षा अथवा मारुतिस्तोत्र म्हणणे ह्या प्रथा बाधेच्या कल्पनेशी जुळणाऱ्या आहेत. उलट ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण स्वप्नाचे मूळ माणसाच्या मनातच शोधते.

यूरोपमध्येही दुःस्वप्नाचा संबंध दुष्ट शक्तींशी जोडला जात असे. इंग्रजीतील ‘नाइटमेअर’ ह्या शब्दातील ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, तर झोपलेल्याच्या छातीवर बसून त्यास गुदमरविणारे पिशाच होय. हेन्री फ्यूझेली ह्या स्विस वंशाच्या चित्रकाराने १७८१ मध्ये रंगविलेल्या व पुढील वर्षी लंडन येथे प्रदर्शित झालेल्या प्रसिद्ध चित्रात निद्रिस्त स्त्रीच्या छातीवर बसलेले असे पिशाच दाखविले आहे.

निद्रेचे टप्पे व दुःस्वप्न : झोप ही एकजिनसी अवस्था नाही, हे विसाव्या शतकात विद्युत् मस्तिष्कालेखनामुळे स्पष्ट झाले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅन्येल क्लाइटमन ह्यांनी झोपेत ठराविक काळाने डोळ्यांच्या जलद हालचाली होतात, असे दाखवून दिले. अशा वेळी जागे केलेल्या व्यक्ती बहुधा आपण स्वप्न पाहत होतो, असे सांगत. झोपेच्या ह्या टप्प्यास ‘द्रुत नेत्रगती निद्रा’ म्हणतात. प्रौढ व्यक्तीत सुमारे ९० मिनिटांचे निद्राचक्र रात्रीतून चार ते सहा वेळा होते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ, मंदतरंग निद्रेचे प्रमाण अधिक असते, तर उत्तररात्री द्रुत नेत्रगती निद्रेचे टप्पे लांबत जातात. एकूण झोपेपैकी सुमारे २० ते २५ टक्के झोप ह्या प्रकारची असते. दुःस्वप्ने मुख्यतः ह्याच टप्प्यात पडत असल्यामुळे ती पहाटेच्या सुमारास अधिक आढळतात.

द्रुत नेत्रगती निद्रेत मेंदू बराचसा जागृतावस्थेसारखा क्रियाशील असतो. भावनांशी, विशेषतः भीतीशी निगडित असलेला ॲमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग तर अधिकच उत्तेजित असतो. श्वसनाचे व डोळ्यांचे स्नायू वगळता शरीरातील बहुतेक ऐच्छिक स्नायू मात्र शिथिल झालेले असतात. त्यामुळे स्वप्नातील धडपड सामान्यतः प्रत्यक्ष हालचालीत उतरत नाही.

तत्सम अवस्थांपासून भेद : झोपेत घाबरण्याच्या पुढील अवस्था दुःस्वप्नाहून वेगळ्या आहेत.

(१) निद्राभय : हे रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे उद्भवते. मूल किंचाळून उठून बसते, त्यास घाम फुटतो, छाती धडधडते, डोळे उघडे असूनही ते कोणास ओळखत नाही व समजूत घातल्याने शांत होत नाही. काही मिनिटांनी ते पुन्हा झोपी जाते व सकाळी त्यास काहीही आठवत नाही.

(२) निद्रापक्षाघात : झोप लागताना किंवा जाग येताना भान असूनही शरीर हलविता न येणे, अशी ही अवस्था आहे. द्रुत नेत्रगती निद्रेतील स्नायुशैथिल्य जागेपणीही क्षणभर टिकून राहिल्याने ती निर्माण होते. छातीवर कोणीतरी बसल्याचा वा खोलीत कोणी असल्याचा भास हे तिचे वैशिष्ट्य असून छातीवर बसणाऱ्या भुतांच्या अनेक देशांतील कथांचे मूळ बहुधा ह्या अनुभवात असावे.

(३) द्रुत नेत्रगती निद्रा-वर्तनविकार : ह्यात स्नायूंचे नेहमीचे शैथिल्य नसल्याने व्यक्ती स्वप्नातील मारामारी प्रत्यक्ष करू लागते, हातपाय झाडते, ओरडते, पलंगावरून पडते. कार्लोस शेंक व मार्क माहोवाल्ड ह्यांनी १९८६ मध्ये ह्या विकाराचे वर्णन केले. उतारवयात, विशेषतः पुरुषांत, तो दिसल्यास मेंदूतज्ज्ञाचा सल्ला घेणे इष्ट असते. कारण अशा अनेक रुग्णांत काही वर्षांनी कंपवातासारखे मज्जासंस्थेचे विकार उद्भवतात.

प्रमाण : अर्ध्याहून अधिक प्रौढांस केव्हा ना केव्हा दुःस्वप्न पडल्याचे आठवते. आठवड्यातून एकदा वा त्याहून अधिक वेळा ती पडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २ ते ६ टक्के आहे. मुलांत दुःस्वप्ने साधारणतः तीन ते सहा वर्षे वयात सुरू होतात व वाढत्या वयाबरोबर बहुतेकांत कमी होतात. पौगंडावस्थेपासून पुढे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दुःस्वप्ने सांगतात. मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांत त्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त असते.

कारणे : परीक्षा, कलह, आर्थिक विवंचना, वियोग यांसारखे ताण, ज्वर व अपुरी वा अनियमित झोप ही तात्पुरत्या दुःस्वप्नांची सामान्य कारणे होत. अपघात, अत्याचार, युद्ध, नैसर्गिक आपत्ती यांसारख्या आघातांनंतर पडणारी दुःस्वप्ने दीर्घकाळ टिकू शकतात. झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा विकार असलेल्या काही रुग्णांतही ती आढळतात.

औषधे हे पुष्कळदा नजरेआड राहणारे कारण आहे. रक्तदाब व हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉलसारखी औषधे, काही विषादरोधके, कंपवातावरील लेव्होडोपा, हिवतापावरील मेफ्लोक्विन, तंबाखू सोडण्यासाठी दिले जाणारे व्हॅरेनिक्लिन, दम्यावरील माँटेल्युकास्ट यांमुळे काही व्यक्तींस दुःस्वप्ने पडतात. मद्य व अनेक झोपेच्या गोळ्या द्रुत नेत्रगती निद्रा दडपतात. त्या एकदम बंद केल्यास ती उसळून परत येते व तीव्र दुःस्वप्ने पडू लागतात. त्यामुळे घाबरून व्यक्ती पुन्हा मद्याकडे वा गोळ्यांकडे वळण्याचा संभव असतो. ह्यास्तव अशी औषधे स्वतःहून सुरू वा बंद न करता वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणे श्रेयस्कर.

मानसशास्त्रीय उपपत्ती : सिग्मंड फ्रॉइड ह्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, असा सिद्धांत मांडला. परंतु पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तोच भयानक प्रसंग रात्रीमागून रात्री दिसे आणि त्यात कोणतीही इच्छापूर्ती दाखविता येत नसे. ह्या स्वप्नांचा विचार करून फ्रॉइड ह्यांनी १९२० मध्ये आघाताच्या पुनरावृत्तीची स्वतंत्र प्रेरणा कल्पिली.

त्याच युद्धात स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे ब्रिटिश वैद्य व मानवशास्त्रज्ञ मानसिक आघात झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत होते. युद्धाच्या आठवणी मनातून काढून टाका, असा सल्ला ह्या रुग्णांस आधी सर्वत्र मिळालेला असे. दिवसा प्रयत्नपूर्वक दूर ठेवलेल्या ह्याच आठवणी रात्री दुःस्वप्नांच्या रूपाने परततात, असे रिव्हर्स ह्यांच्या लक्षात आले. रुग्णांनी त्या आठवणींविषयी मोकळेपणाने बोलावे व त्यांत काही सुसह्य बाजू शोधावी, असे त्यांनी सुचविले. त्यामुळे अनेकांची दुःस्वप्ने सौम्य झाली. मात्र ज्यांच्या अनुभवात अशी कोणतीच बाजू सापडत नसे, त्यांना ह्या पद्धतीने गुण येत नसे, हेही त्यांनी नमूद केले.

आधुनिक उपपत्तींनुसार स्वप्नावस्थेत भीतीच्या आठवणींचे घटक सुटे होऊन नव्या संदर्भांत गुंफले जातात व त्यांची धार कमी होते. रॉस लेव्हिन व टोर नील्सन ह्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या मतानुसार दुःस्वप्न म्हणजे ह्या प्रक्रियेत आलेले अपयश होय. भावनिक ताण अतिशय वाढला किंवा व्यक्ती मुळातच अधिक व्याकुळ होणारी असली, म्हणजे जाग येऊन ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि तीच भीती पुन्हा पुन्हा समोर उभी राहते.

निद्राविकार व मानसिक आरोग्य यांच्याशी संबंध : हा संबंध एखाद्या दुष्टचक्रासारखा असतो. दुःस्वप्नामुळे झोप मोडते. ते पुन्हा पडेल ह्या भीतीने व्यक्ती उशिरापर्यंत जागते, दिवा लावून झोपते किंवा बिछान्यावर जाणेच टाळते. बिछाना आणि भीती यांचे साहचर्य निर्माण झाल्याने निद्रानाश जडतो. अपुऱ्या झोपेमुळे दिवसा भावनांवरील ताबा कमी होतो, चिडचिड व चिंता वाढते. आणि वाढलेली चिंता पुढच्या रात्री नवे दुःस्वप्न घडविते. पहिला आघात विसरला गेला, तरी हे चक्र स्वतःच्याच गतीने चालू राहू शकते.

आघातोत्तर ताणविकृतीत हे चक्र सर्वांत ठळकपणे दिसते. १९८० मध्ये अमेरिकन मानसरोगवैज्ञानिक संघटनेच्या वर्गीकरणात ह्या विकृतीस स्वतंत्र स्थान मिळाले, तेव्हापासूनच आघाताची वारंवार पडणारी स्वप्ने हे तिचे एक प्रमुख लक्षण गणले जाते. आघात झोपेतच झालेला असेल, तर झोप हीच धोक्याची खूण बनण्याचा संभव असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद परिसरात पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा बहुसंख्य माणसे घरात निजलेली होती. अशा आपत्तींनंतर छपराखाली झोपण्याची भीती वाटणे हा मनाचा दुबळेपणा नसून आघाताची स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

विषादविकारात अनेक रुग्णांत पहिली द्रुत नेत्रगती निद्रा नेहमीपेक्षा लवकर सुरू होते, पहाटे लवकर जाग येते व स्वप्नांचा सूर निराशेचा असतो. निद्रानाश हा विषादाचा केवळ परिणाम नव्हे. निद्रानाश असलेल्या, परंतु विषाद नसलेल्या व्यक्तींस पुढे विषाद जडण्याचा धोका चांगली झोप घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो, असे अनेक दीर्घकालीन अभ्यासांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवरील व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निद्रानाशावर उपचार केल्याने झोप तर सुधारलीच, शिवाय संशयग्रस्तता व भासही कमी झाले. मानसिक त्रासामागे बिघडलेली झोप हे एक कारण असते, ह्या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

दुःस्वप्नांचा आत्महत्येच्या धोक्याशी असलेला संबंध विशेष गंभीर आहे. फिनलंडमधील सर्वसाधारण लोकसंख्येतील ३६ हजारांहून अधिक प्रौढांच्या दीर्घकालीन पाहणीत वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्यांत आत्महत्येचे प्रमाण, ती न पडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट आढळले. ही पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्याचा अर्थ दुःस्वप्न पडणारी प्रत्येक व्यक्ती धोक्यात आहे, असा नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत असे काहीही घडत नाही. परंतु ज्यास आधीच नैराश्याने ग्रासले आहे, त्याच्या रात्री एकाएकी भयाण झाल्या, तर ती सावधगिरीची सूचना समजून विलंब न लावता विचारपूस करणे आवश्यक असते. जगण्याविषयी निराशेचे विचार येतात काय, असे आपुलकीने व सरळ विचारल्याने असे विचार बळावत नाहीत.

निदान : निदान मुख्यतः रुग्णाच्या निवेदनावरून केले जाते. स्वप्ने किती वेळा व रात्रीच्या कोणत्या प्रहरी पडतात, जाग आल्यावर काय आठवते, कोणती औषधे चालू आहेत, मद्यपान आहे काय, पूर्वी आघात घडला आहे काय, ह्या गोष्टी विचारल्या जातात. एक-दोन आठवडे ठेवलेली झोपेची नोंदवही उपयुक्त ठरते. रात्रभर केले जाणारे निद्रालेखन सामान्यतः लागत नाही. श्वासाचा अडथळा किंवा वर्तनविकाराची शंका असल्यास ते करतात. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत निद्राविकारांसाठी स्वतंत्र प्रकरण असून दुःस्वप्न विकाराचा समावेश त्यात केलेला आहे.

उपचार : तुरळक दुःस्वप्नांस उपचाराची गरज नसते. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर प्रतिमा-सराव ही पद्धत प्रभावी मानली जाते. आयझॅक मार्क्स ह्या मानसोपचारज्ञांनी दुःस्वप्नाचा जागेपणी सराव केल्याने ते नाहीसे झाल्याचे १९७८ मध्ये नोंदविले होते. पुढे अमेरिकेतील बॅरी क्रॅकाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पद्धतशीरपणे तपासली. तीत रुग्ण दिवसा, सुरक्षित वातावरणात, आपले एखादे दुःस्वप्न लिहून काढतो. त्यात त्यास योग्य वाटेल तसा बदल करतो आणि ते बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनासमोर आणतो. आरंभी सर्वांत भीषण स्वप्न न निवडता सौम्य स्वप्न निवडतात. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या १६८ स्त्रियांवरील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगात ह्या सरावाने दुःस्वप्ने कमी झाली, झोप सुधारली आणि आघातोत्तर ताणविकृतीची तीव्रताही उतरली. दुःस्वप्नावर थेट उपचार केल्याने मूळ विकृतीही सौम्य होते, हे त्यातून दिसून आले.

निद्रानाश सोबत असल्यास त्यावरील बोधात्मक वर्तनोपचार जोडीने देतात. त्यात उठण्याची वेळ निश्चित ठेवणे, झोप आली तरच बिछान्यावर जाणे, झोप न आल्यास उठून दुसऱ्या जागी बसणे आणि बिछान्यावर घालविलेला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करणे, ह्या उपायांचा समावेश होतो. आघातोत्तर ताणविकृती वा विषाद असल्यास त्यांवर स्वतंत्र उपचार चालूच ठेवावे लागतात.

औषधांपैकी प्राझोसिन ह्या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग आघातोत्तर दुःस्वप्नांवर केला जातो. सुरुवातीच्या लहान प्रयोगांत त्याचा चांगला गुण आला. परंतु अमेरिकेतील ३०४ माजी सैनिकांवरील व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. त्यामुळे ते सरसकट न देता रुग्णागणिक विचार करून देतात.

मुलांची दुःस्वप्ने : दुःस्वप्नाने जागे झालेल्या मुलास जवळ घेऊन धीर देणे व ते सुरक्षित असल्याची खात्री पटविणे पुरेसे असते. त्याच्या भीतीची चेष्टा करू नये, तसेच झोपविण्यासाठी बागुलबोवाची भीतीही घालू नये. दुसऱ्या दिवशी स्वप्नाचे चित्र काढून त्याचा शेवट बदलावयास सांगितल्यास पुष्कळ मुलांस बरे वाटते. निद्राभयात मात्र मुलास जबरदस्तीने जागे न करता इजा होणार नाही एवढेच पाहावे. दुःस्वप्ने दीर्घकाळ चालू राहिल्यास शाळेतील छळ, घरातील कलह किंवा अत्याचार यांची शक्यता लक्षात घेऊन चौकशी करणे आवश्यक असते.

सामाजिक बाजू : दुःस्वप्नांचा त्रास असलेल्या व्यक्ती तो वैद्यास सांगतातच असे नाही. स्वप्नावर औषध नसते, अशी काहींची समजूत असते. काहींस ती बाहेरची बाधा वाटते, तर काहींस आपणास वेडे ठरविले जाईल अशी भीती वाटते. वैद्यही झोप लागते काय, एवढेच विचारून पुष्कळदा थांबतात. निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेने मनास स्वस्थता लाभत असेल, तर ती उपचारास बाधक नाही. परंतु केवळ मांत्रिकाच्या उपायांवर विसंबल्याने उपचारास विलंब होतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनिसेवा सुरू झाली असून १४४१६ ह्या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. आठवड्यातून एकदा वा अधिक वेळा पडणारी, महिन्याहून अधिक काळ टिकणारी किंवा झोपेची धास्ती निर्माण करणारी दुःस्वप्ने वैद्यास सांगण्याजोगी तक्रार होय, आणि बहुसंख्य रुग्णांत तिच्यावर उपाय करता येतो.